मांडवाखालचा पंप

“बंद पडल्यावर काय?”

कुठलीही वस्तू हातात दिली की माझी ही पेशंट ती आधी उलटी करायची, तिचं बूड बघायची आणि मग हा प्रश्न विचारायची. ग्लुकोमीटर दिला तेव्हा विचारला. आमच्या दवाखान्याच्या इमारतीत नवी लिफ्ट बसली, तेव्हा लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या आधी लिफ्टमनला विचारला. एकदा तर आमच्या डॉक्टरांनाच विचारला. ते आठवडाभर परिषदेला जाणार होते, तसं त्यांनी सांगितलं, तर ही म्हणाली, “म्हणजे आठ दिवस तुम्हीच बंद. मग आम्ही काय करायचं?” डॉक्टर हसले, पण जाताना दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर तिच्या फाईलवर लिहून गेले. इतक्या वर्षांत तो कुणी मागितलाच नव्हता.

मी गंगापूर रोडवरच्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात बसते. डॉक्टर इन्शुलिन लिहून देतात. ते घ्यायचं कसं, टोचायचं कुठे, खायचं काय, हे मी शिकवते. मला तक्त्यांचं वेड आहे. माझ्या टेबलामागे चार रंगांतले सहा तक्ते लावलेले आहेत आणि कुणी त्यांच्याकडे पाठ करून बसलं तर मला राग येतो. ही पहिल्या दिवशी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ करूनच बसली, कारण तिला दारातून सासू दिसायला हवी होती.

पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. पण तुम्ही दिंडोरीच्या बाजूला गेला असाल तर तिच्यासारख्या बाया पाहिल्या असतील. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, मान वर, हात वर, दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली. फरक इतकाच की हिला अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह होता. म्हणजे शरीर इन्शुलिन बनवतच नाही. ते रोज बाहेरून द्यावं लागतं, दिवसाला चार-पाच सुया, जन्मभर. गोड खाऊन होतो तो हा नव्हे. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय, तेव्हा तुम्हीही एकदाच ऐकून ठेवा.

नवरा सातपूरच्या कारखान्यात पाळीवर. सासरे वारल्यावर बाग हिच्याच अंगावर पडली आणि हिला ती मानवली. कुठल्या ओळीत कुठल्या वेलीला किती घड ठेवायचे, हे तिला तोंडपाठ. माझ्यासमोर बसून ती स्वतःची साखर कधीच धड सांगू शकायची नाही. पण “सातव्या ओळीत भुरी दिसतीय” ही वेलीवरच्या रोगाची खबर मात्र मी न विचारता सांगायची.

मग ती पडली. घडांमधले जादा मणी कात्रीनं काढायचे, विरळणीचे दिवस होते. मान वर करून चार-चार तास उभं राहायचं काम. साखर घसरली आणि तिला कळलंच नाही. इतक्या वर्षांच्या दुखण्यात असं होतं. घाम, थरथर, धडधड, हे शरीराचे इशारे येईनासे होतात. सासूबाई जेवायला बोलवायला गेल्या, तेव्हा ही दोन ओळींच्या मध्ये आडवी होती आणि तोंडावर मुंग्या होत्या. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? “किती वेली राहिल्या?”

त्या दिवसापासून घरात नियम झाला: एकटीनं मळ्यात जायचं नाही. सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, बांधावर गोणपाट टाकून बसू लागल्या. पदराला गुळाचा खडा बांधलेला. मांडव एकदा पानांनी भरला की आतलं माणूस दिसत नाही, म्हणून आमच्याकडे मळ्यात हाक मारायची पद्धत असते. आत्या दर पंधरा मिनिटांनी ओरडायच्या, “ए पोरीऽऽ!” आणि आतून उत्तर यायचं, “ओऽऽ!” ओ आला नाही की उठून पळायचं. असे आठ महिने. गुडघे दुखणाऱ्या बाईनं, उन्हातान्हात, दर पंधरा मिनिटांनी.

शेवटी आत्याच थकल्या. एके दिवशी माझ्यासमोरच त्यांनी निकाल दिला. “बाई, आता माझ्याच्यानं नाय व्हत. छाटणीपर्यंत काय ते जमवा. नाय जमलं तर बाग वाट्यानं देऊन टाकते. पोर जित्ती हाय, तेवढं बास.”

छाटणी म्हणजे ऑक्टोबरची. जुलै चालू होता. तिनं माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला, उलटा केला आणि परत ठेवला. रडायच्या ऐवजी ती असं काहीतरी करायची, हे मला तोवर कळलं होतं.

डॉक्टरांनी पंप सुचवला. कमरेला लावायचं एक छोटं यंत्र, पोटावर एक बारीक नळी, आणि सुयांच्या ऐवजी चोवीस तास थोडं थोडं इन्शुलिन. सोबत दंडावर एक सेन्सर. तो दर पाच मिनिटांनी साखर बघतो आणि ती घसरायला लागली की पंप आपणहून इन्शुलिन थांबवतो. हे समजवायला मला एरवी तीन बैठका लागतात. मी तक्ता काढला. थेंब थेंब जातं ते बेसल, जेवणाआधी एकदम घ्यायचं ते बोलस...

“ठिबक आन पाट,” ती म्हणाली.

“काय?”

“दिवसभर ठिबक चालू, आन जेवायच्या टायमाला पाट सोडायचा. पण मॅडम, ठिबकची धार चोवीस तास एकच कशी चालंल? पहाटंची तहान येगळी, दुपारची येगळी.”

हा प्रश्न विचारायला सुशिक्षित पेशंटना महिना लागतो. मी तक्ता गुंडाळून ठेवला. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

तीन कंपन्यांचे तीन पंप टेबलावर मांडले. पहिला देखणा, मोबाईलसारख्या काचेचा. दुसरा बिननळीचा, थेट दंडावर चिकटवायचा. तिसरा जाडजूड, बटणांचा, पेन्सिल सेलवर चालणारा, दिसायला जुन्या काळच्या पेजरसारखा. माझा जीव दुसऱ्यावर होता. मांडवाखाली तारांचं जाळं. नळीवाला पंप तिथे कुठेतरी अडकणार आणि नळी उपटून येणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. हे मी तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा चित्र काढून दाखवलं.

तिनं पिशवीतून कामाचे रबरी हातमोजे काढले. माझ्या टेबलावर! एक चढवला, माझ्या बाटलीतल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि पहिल्या पंपाची काच दाबली. काच ढिम्म. पुन्हा दाबली. “छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, मंग डिपिंगला घड औषधात बुडवायचे, कवा माझा हात कोरडा राहतो सांगा?” देखणा पंप तिथेच बाद झाला.

पंप घ्यायच्या आधी काही दिवस तो नुसत्या सलाईनवर, म्हणजे मिठाच्या पाण्यावर, लावून बघता येतो. सुया नेहमीच्या चालू ठेवायच्या आणि यंत्राची फक्त सवय करून घ्यायची. मी हट्टानं बिननळीचा दंडावर लावून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हजर, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत माझा लाडका पंप, त्याच्या चिकट बाजूला एक द्राक्षाचं पान आणि एक माशी. “हात वर केला की वेलीच्या आडव्या वलांड्याला घासतोय. त्यात घाम. दोनदा निघाला. तिसऱ्यांदा म्हटलं, मॅडमना माशीसकट दाखवू.”

तिसरा लावला. नळीचं काय, हे मी विचारणारच होते. तर तिनं नवऱ्याच्या शर्टाला आतून, बरगडीपाशी, झाकणाचा खिसा शिवून आणला होता. पंप आत, नळी आत, बाहेर काहीच नाही. माझं चित्र तिनं परत दिलं.

इथवर ती जिंकत आली होती. मग तिसऱ्या पंपाचं पाणी संपलं.

तीन दिवस पुरायला हवं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच संपलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, एरवी फार बोलका. त्याचा चेहरा उतरला. कारण सांगितल्यापेक्षा जास्त सोडणारा पंप म्हणजे, त्यात खरं इन्शुलिन असतं तर, माणूस जायचंच काम. आत्या खुर्चीतून उठल्याच. “चल पोरी. हे यंत्र नको आन बाग बी नको.” ती जागची हलली नाही. हा शेवटचा पंप होता आणि सप्टेंबर उजाडला होता.

कंपनीचा माणूस पंप खोक्यात भरत होता. मी सहज, खरं तर हात रिकामे नकोत म्हणून, त्याच्या हातातून घेतला आणि आतल्या नोंदी बघू लागले. प्रत्येक बटण कधी दाबलं हे त्यात राहतं. रोज सकाळी सहा वाजता एक नोंद: नळी भरण्याची. ती तीन दिवसांतून एकदा, नवी नळी बसवताना करायची असते. इथे रोज, आणि चांगली मिनिटभर.

“सकाळी सहाला काय करतेस तू?”

“लाईन धुते,” ती म्हणाली. जणू मी, तोंड धुतेस का, असं विचारलं होतं.

तर झालं होतं असं. ठिबकच्या नळ्यांत गाळ बसतो, म्हणून जाणता शेतकरी शेवटची टोपणं काढून स्वच्छ धार येईपर्यंत पाणी वाहू देतो. हिच्या सासऱ्यांनी हिला बाग शिकवली ती याच वाक्यापासून: लाईन धुतल्याशिवाय झाडाला पाणी सोडायचं नाही. मग पोटाला लावलेली लाईन न धुता कशी चालवायची? ती रोज सकाळी नळी पोटापासून सोडवायची, मोरीवर धरायची आणि धार स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायची.

कंपनीचा माणूस खुर्चीत बसला आणि हसू लागला. मला हसू आलं नाही. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, नळी पोटाला असताना हेच केलं असतंस आणि आत इन्शुलिन असतं, तर तू उठली नसतीस. ती म्हणाली, “पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितलं. “आत्यांना बी सांगा.” आत्यांना सांगितलं. मग ती मान वर करून, पहिल्यांदाच, माझ्या तक्त्यांकडे बघू लागली. सहाच्या सहा वाचले. “ही लाईन धुवायची नसती, असं तुमच्या तक्त्यात कुढं हाय?”

नव्हतं. मी त्याच दिवशी हातानं लिहिलं. आजही तक्त्याच्या तळाशी ते माझ्या वाकड्या अक्षरात आहे.

यंत्राचा दोष नव्हता हे सिद्ध झालं, तरी तिनं होकार दिला नाही. तिची एक परीक्षा राहिली होती. “आमच्याकडं फवारणीचा पंप घेताना दुकानदाराला कोण विचारतंय? मिस्तरीला फोन लावायचा. त्यो बी सणाच्या दिवशी.” पोळ्याच्या दिवशी, बैलांच्या मिरवणुकीच्या ढोलात उभी राहून, तिनं तिन्ही कंपन्यांच्या मदतीच्या नंबरांवर फोन लावले होते, बाद झालेल्यांनाही, उगाच अन्याय नको म्हणून. एकीकडे गाणं वाजत राहिलं. दुसरीकडे कुणीतरी उद्या करा म्हणालं. तिसरीकडे एका बाईनं उचलला. हिनं आपला प्रश्न विचारला.

“ती बाई काय म्हणली सांगू? म्हणली, बंद पडला तर आधी मला फोन करू नका. आधी टोचायच्या पेननं इन्शुलिन घ्या, पेन कायम जवळ ठेवा, पंपावर आंधळा भरवसा ठेवू नका. मग फोन करा, मी हायेच.” तिनं जाडजूड पंप उचलला, उलटा केला, बूड बघितलं आणि ओटीत ठेवला. “आपला माल बंद पडू शकतो म्हणणारी कंपनी मी पहिल्यांदा बघितली. ह्योच.”

मी इतकी वर्षं हे काम करते. पंप निवडताना पेशंटना मी आकडे दाखवत आले, रंग दाखवत आले. त्या दिवशी मला मनापासून वाटलं की खुर्च्या बदलून बसावं.

खरं इन्शुलिन भरून पंप सुरू झाला. सुरुवातीचे आठवडे कटकटीचे गेले. रात्रंदिवस आकडे, माझे फोन, तिचे फोन, बेसलची धार कमी-जास्त करणं. मग छाटणी आली. आत्यांना एका सकाळपुरतं कबूल करायला लावलं होतं: सहा ते अकरा हाक मारायची नाही. पुढे काय झालं ते मला दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना तोडत सांगितलं.

आत्या बांधावर बसल्या. आठ वाजले. साडेआठ वाजले. “ओठ दाताखाली धरून बसले होते, बाई. वाटायचं, हाक मारावी. पण शब्द दिला होता.” आत कात्रीचा आवाज येत होता, कच्, कच्. नऊच्या सुमाराला तो थांबला.

आत्या पळाल्या. तारांखालून वाकून, गुडघ्यांसकट. सोळाव्या ओळीत ही जमिनीवर दिसली, खांबाला टेकून. आत्यांनी अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरचे दोघे मोटारसायकल टाकून आत आले.

ही बसल्या जागेवरून म्हणाली, “आत्या, मी बसलेय. पडले नाय.”

साखर उतरणीला लागली होती. तिला नेहमीप्रमाणे काहीच जाणवलं नव्हतं. पण बरगडीपाशी पंप थरथरला. तिनं बघितलं, तर त्यानं आधीच इन्शुलिन थांबवलं होतं. तिनं बोट टोचून खात्री केली, खिशातले चार खजूर खाल्ले, कात्री शेजारी ठेवली आणि आकडा वर यायची वाट बघत बसली. स्वतःहून बसली. हे शब्द सांगताना ती माझ्या टेबलावर बोट आपटत होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं या दुखण्याला आडवं पाडायच्या आधी गाठलं होतं.

“मग?” मी आत्यांना विचारलं.

“मग काय? मी बी बसले तिच्याजवळ. म्हटलं, आण खजूर.” त्या मोटारसायकलवाल्यांनाही दिला म्हणे.

आकडा वर आला, तशी ती उठली आणि ओळ पुरी केली. त्या दिवशी सोळा, दुसऱ्या दिवशी उरलेल्या. बाग वाट्यानं द्यायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आला, तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि मला बोलावून दाखवला. मी माझ्या खोलीत येऊन दार लावलं आणि चक्क नाचले. पन्नाशीच्या बाईनं करू नये ते केलं, पण केलं.

आता नवा पेशंट पंप निवडायला आला की मी आधी विचारते, तुमचे हात दिवसभर काय करतात? टेबलावर पाण्याचं एक वाडगं असतं. परवा देवळाली कॅम्पच्या एका बेकरीवाल्यानं त्यात पीठ कालवून बोट बुडवलं. मला फार बरं वाटलं.

ती मात्र दिसेनाशी झाली. आधी महिन्याला यायची, मग तीन महिन्यांनी. रिपोर्ट फोनवर पाठवते, सोबत एखाद्या घडाचा फोटो, आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं दोन-दोन दिवस देत नाही. फेब्रुवारीत माल काढायच्या धांदलीत तिनं ठरलेली तारीख चुकवली. मी चिडून, आणि थोडी घाबरूनही, फोन लावला. आत्यांनी उचलला.

मी म्हटलं, “ती कुठे आहे?”

एके काळी ही बाई, आपली सून कितव्या ओळीतल्या कितव्या वेलीपाशी उभी आहे, हे डोळे मिटून सांगायची.

“मला काय ठाऊक?” आत्या म्हणाल्या. “आसंल मळ्यात कुढंतरी. बरं, ठिवते बाई, तव्यावर भाकर हाय.”